परशराम ‘येतो’ म्हणाला नाही

माणूस घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. जगाचं माहीत नाही, बेळगावजवळच्या येळ्ळुरात तरी म्हणतात. कोथिंबीर आणायला निघालेलाही म्हणतो. एकाच कामाला निघालेला माणूस तेवढा ‘येतो’ म्हणत नाही, आणि ते काम म्हणजे माती, कुणाला तरी पोचवायला जाणं. परशरामाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्या शनिवारी पहाटे तो न म्हणताच निघाला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्याचं असं झालं, वाईच्या पुढं डोंगरात जुन्या मोटरसायकलवाल्यांचा मेळावा होता. ऐन जानेवारीत लांबलांबून लोक कुडकुडत यायचे, शेकोटीभोवती बसायचे आणि एकमेकांच्या गाड्यांची विचारपूस करायचे. (बायकापोरांची कुणी करत नसे.) परशराम कित्येक वर्षं ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत होता. आता पुढचं वर्ष उरलं नव्हतं. गुडघा गेला होता, डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली होती आणि बेळगावच्या खासबागेतल्या नागराज गॅरेजवाल्याला आपली जुनी गाडी द्यायचं ठरलं होतं. सोमवारी तो ती न्यायला येणार होता. म्हणजे जन्मात एकदा मेळाव्याला जायचं तर हाच शनिवार.

हे जयवंताला, म्हणजे बायकोला, सांगायची सोय नव्हती. तिचे वडील, निपाणीचे यमनाप्पा, दिवाळीपासून आजारी होते. ‘एकदा बघून येऊया’ असं ती रोज म्हणे आणि ‘सवड झाली की’ असं परशराम रोज म्हणे. अशा बाईला ‘वाईला गाड्या बघायला चाललो’ हे कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हा गुपचूप निघायचं आणि कराड ओलांडल्यावर फोन करायचा, असं त्यानं ठरवलं. (कराडहून कुणी माघारी बोलावत नाही, असा त्याचा अंदाज होता.)

पहाटे धुकं असं होतं की स्वतःचं अंगण दिसेना. कानाला वारा लागू नये म्हणून त्यानं डोक्याला पांढरा पंचा गुंडाळला. त्यावर हेल्मेट बसेना, म्हणून ते हँडलला अडकवलं. आवाज नको म्हणून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. थंडीनं डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातूनही येत होतं. कोपऱ्यावर मनुबाई सडा घालत होती.

“परसू? एवढ्या पहाटेचं रं?”

“निपाणीकडं,” परशराम पुटपुटला. मोठ्यानं बोलावं तर जयवंता उठायची.

मनुबाई ‘येतो’ ऐकायला थांबली. तो म्हणालाच नाही. मान खाली घालून गाडी ढकलत धुक्यात गेला.

पांढरा पंचा, ओले डोळे, निपाणी, आणि ‘येतो’ नाही. याहून जास्त माणसानं तोंडानं काय सांगायचं? मनुबाईनं तांब्या खाली ठेवला आणि गल्लीत निघाली.

आता अशा बातमीची एक रीत असते. ती कुणी आणली हे विचारत नाहीत. फोन करून ‘खरंच गेले काय?’ असंही विचारता येत नाही. आणि लेकीला खरं कधी सांगत नाहीत. म्हणून उजाडायच्या आत जयवंताला एवढंच सांगितलं, “आप्पांना जरा जास्त झालंय. चल, बघून येऊया.” बघून यायला सगळी गल्ली निघाली. क्रूझर भरली, उरलेले शामूच्या टेम्पोत बसले. वाटेत बेळगावात हार घेतला आणि सीटखाली लपवला. शेवंतीचा वास गाडीभर पसरला. जयवंता निपाणीच्या वाटेवर तो वास घेत बसली. लेकीला अशा वेळी सगळं कळतं.

इकडं परशरामाची गाडी तवंदीच्या घाटात बंद पडली. प्लग पुसून झाला, किका मारून झाल्या, गुडघा सुजला. मेळावा अजून कितीतरी लांब होता. तो रस्त्याकडेच्या दगडावर पंचा गुंडाळून बसला आणि त्याला अगदी मनापासून रडू आलं.

नेमकी तेव्हाच क्रूझर थांबली. जयवंतानं नवऱ्याला तसं बसलेलं पाहिलं आणि खाली उडी मारून हंबरडा फोडला.

“मला का न्हाई सांगितलं वं?”

आपली चोरी पकडली गेली हे परशरामानं ओळखलं. “तू ऐकून घेतली असतीस व्हय?”

“कवा झालं हे?”

“पाचच्या आत.”

“तरास झाला काय?”

“लई. शेवटी शेवटी तर हातपाय गारच पडले.”

“जवळ कोण हुतं?”

“कोण असणार? एकटाच.”

जयवंता रस्त्यातच बसली. आपल्या हातापायांची बायकोला एवढी काळजी असेल, असं परशरामाला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात मनुबाई म्हणाली, “चला आता. आप्पांची माती खोळंबली आसंल.”

आप्पा गेले? परशराम हबकला. कुणी सांगितलं हे विचारायचं नसतं, म्हणून त्यानं विचारलं नाही. सगळा गाव म्हणतोय म्हणजे गेलेच असणार. आपण निपाणीवरूनच जाणार होतो आणि तिकडं मान वळवूनही बघणार नव्हतो, हे त्याला आठवलं. स्वतःची लाज वाटली. मग मात्र तो असा रडला की बायकोनं आपलं रडं थांबवून त्याला धरलं. गाडी शामूच्या टेम्पोत चढवली आणि सगळे निपाणीला पोचले.

यमनाप्पा अंगणात उन्हाला बाज टाकून चहा पीत बसले होते.

पुढची रडत येणारी माणसं एकदम थांबली. मागच्यांना दिसलं नव्हतं, ते रडतच राहिले. यमनाप्पांनी कप खाली ठेवला.

“कोण गेलं?”

म्हाताऱ्याची नजर फिरत फिरत एकाच्या हातातल्या हारावर आली आणि तिथंच थांबली.

“दिवाळीपासनं एकजण फिरकला न्हाय,” ते म्हणाले, “आज गाड्या भरून आलासा. आदी ठावं असतं तर आदीच मेलो असतो.”

यावर कुणाला हसू आलं नाही. जयवंता त्यांच्या पायांशी बसून रडत होती.

मग तपास सुरू झाला. याला त्यानं सांगितलं, त्याला तिनं. शेवटी मनुबाई म्हणाली, “मला काय म्हणतासा? हा परसूच ‘येतो’ म्हणाला न्हाय!” सगळे वळले. परशरामाला मेळाव्याचं सांगावं लागलं.

“म्हंजे हितनंच जाणार हुतास,” यमनाप्पा सावकाश म्हणाले, “आणि वळणार न्हवतास.”

जयवंतानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

राहता राहिला हार. जित्या माणसाला घालता येईना, परत नेऊन घरात ठेवायची कुणाची छाती होईना. यमनाप्पाच म्हणाले, “माझ्यासाठी आणलाय न्हवं? मग मी सांगतो. ती गाडी मेली म्हणतासा, तिला घाला.” म्हाताऱ्याचा शब्द मोडवेना. हेडलाइटला हार घातला, हँडलला तो पांढरा पंचा बांधला आणि शामू एकटाच टेम्पो घेऊन पुढं गेला. बाकीचे सगळे दाटीवाटीनं क्रूझरमध्ये बसले.

जयवंता माहेरी राहिली. निघताना यमनाप्पा म्हणाले, “आता तरी म्हण की रं.”

“येतो, आप्पा.”

“कवा?”

‘सवड झाली की’ हे परशरामाच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. “पुढच्या ऐतवारी. बसनं.”

क्रूझर येळ्ळुरात पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. टेम्पो केव्हाच येऊन गेला होता. हार घातलेली गाडी आणि पंचा तेवढा परत आला, माणूस आला नाही, हे गावानं पाहिलं होतं. शामूला कुणी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात तंबाखू होती, म्हणून त्यानं नुसता हात हलवला होता. येळ्ळुराला तेवढं पुरलं: परशराम गेला.

परशराम दारात उतरला. अंगणात चितेची लाकडं येऊन पडली होती, आणि ती कुणासाठी हे त्याला बघताक्षणी कळलं. सासऱ्यासाठी गाड्या भरून माणसं गेली होती, तेव्हा आपल्यासाठी किती आलीत ते त्यानं मोजलं. दोघं. (सगळी गल्ली आपल्याबरोबर क्रूझरमध्येच होती, अशी त्यानं मनाची समजूत घातली.) एक होता भरमू, जो कुणाचीच माती चुकवत नाही. दुसरा सोमवारी गाडी न्यायला येणारा खासबागेचा नागराज.

त्याला बघून भरमू दचकून मागं सरला. नागराज मात्र धावत पुढं आला आणि त्याचे दोन्ही हात धरून गहिवरून म्हणाला, “सुटलो बगा, अण्णा! तुमास्नी काय झालं असतं तर गाडीची चावी कुठं ठेवलीया ते कुणाला इच्यारलं असतं?”