जालन्याची बस येईपर्यंत

साळवे डॉक्टर माणूस चालीवरून ओळखतात. चेहरा त्यांच्या ध्यानातच राहत नाही. माझ्या बायकोच्या हातचं ते कितीदा जेवलेत, तरी परवा ती समोर उभी असताना त्यांनी विचारलं, "काय दुखतंय, ताई?" ती रागानं वळून चालू लागली, तेव्हा मागून आवाज आला, "अरे, वहिनी का? टाच अजून बराबर टेकवत न्हाई तुम्ही."

भोकरदनला त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना आणि माझं औषधांचं दुकान एकाच भिंतीला लागून आहे. असा शेजार वैऱ्यालाही मिळू नये. गुडघा धरून आलेला माणूस माझ्याकडे गोळी मागतो आणि डॉक्टर पलीकडून ओरडतात, "गोळी कायला? भिंतीला पाठ लावा. बराबर बसा, मंग उठा." माझं गिऱ्हाईक मुकाट्यानं जाऊन भिंतीला लागतं.

संध्याकाळी मला स्कूटरवर मागे घेऊन ते आमच्या केदारखेड्याला येतात. शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतात. दवाखान्यात डॉक्टर, मैदानावर सर. मधल्या रस्त्यात कुठंतरी बदल व्हायला हवा, पण तो दरवेळी होतोच असं नाही. एकदा धावड्याच्या एक आजीबाई कंबर धरून स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी मागून पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "खो." खो-खोत बसलेल्या खेळाडूला मागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, आणि मिळाल्यावर बसता येत नाही. आजी लहानपणी खेळल्या असाव्यात. त्या उठल्या त्या थेट माझ्या दुकानात. "दुखणं दाखवायला आल्ते मी," धापा टाकत म्हणाल्या, "पळायला न्हाई." घरी जाताना मात्र कंबर धरायची विसरल्या.

मैदानावर उलटी तऱ्हा. मुलगी झकास पळाली की टाळी वाजवायच्या आधी सर तिचा गुडघा चाचपतात. त्यांच्यातल्या डॉक्टरचं आणि सरांचं खरं भांडण मात्र एकदाच झालं, आरतीपायी. तिच्यासारखी चपळ पोरगी त्यांना पुन्हा मिळाली नाही. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या सकाळी तिचा उजवा गुडघा सुजला. ती म्हणाली, पट्टी बांधा, मी खेळते. गावही म्हणालं, खेळू द्या. सरांनी तिला बाहेर बसवलं आणि संघ हरला.

"आज सर म्हणून यायचं होतं तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही डॉक्टर म्हणून आले."

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. गुडघाही तिनं दुसरीकडे दाखवला. पुढं शिकायला जालन्याला गेली.

तेव्हापासून सरावाला एक अजब नियम आहे. जालन्याची बस फाट्यावर थांबली की विश्रांती. बस उशिरा आली की मुलींचे हाल, मग त्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडतात. बस थांबते, सर शिट्टी तोंडातून काढतात आणि उतरणाऱ्यांचे पाय बघत राहतात. हेही मी त्यांच्या खुळांतच जमा केलं होतं.

गेल्या आठवड्यात तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी उतरली. मी काही ओळखलं नाही. सरांनी माझा दंड धरला.

"आरती हाय. गुडघा पूर्ण वाकतोय बघा. बिलकुल बरा झाला."

"मंग हाक मारा की."

"कामून? चालून राह्यली ना बराबर."

पण दंड काही सोडला नाही. ती मैदानाच्या कडेकडेनं गावाकडे निघाली होती. एकदाही तिनं इकडं पाहिलं नाही. मग सर मैदानात गेले आणि मधल्या रेषेवरच्या एका रिकाम्या चौकोनात रस्त्याकडे पाठ करून उकिडवे बसले. मला फार वाईट वाटलं.

"सर, उठा ना," एक मुलगी म्हणाली. "डाव चालू करायचाय."

"उठतो की," ते म्हणाले. "खो तर मिळू दे."