का, री आणि बू

"मायी येतेय," मसिंडे म्हणाला आणि त्याने फोन उशीखाली सारला.

नालियाका ताटं पुसत होती. "कुणाची मायी?"

"माझी. दुसरी कुणाची असणार?"

"कधी?"

"महिनाअखेरीस. शनिवारी." एवढं बोलून तो चपला शोधू लागला. चपला पायातच होत्या. सात वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या अशा शोधाशोधीचा अर्थ नालियाकाला चांगला कळायला लागला होता.

"नामाल्वाचे बाबा, इकडे बघा. काय बोलून बसलात?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चुलत भावाच्या लग्नाची बोलणी चालली होती. चाळीस माणसांत मायी खणखणीत आवाजात म्हणाली होती, "आमच्या मसिंडेच्या खुर्च्या अजून नागड्याच आहेत म्हणे!" चाळीसही माणसं हसली. मसिंडेला ते लागलं. आणि तो बोलून गेला होता, की नागड्या कसल्या, सातही जागांवर वितांबा, म्हणजे क्रोशाचे रुमाल, आहेत, पाठीला वेगळे, बैठकीला वेगळे, सगळे बायकोनं स्वतःच्या हातानं विणलेत. तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने पुढे भिंतीवर एक तसबीरही टांगून दिली. "फुलीच्या टाक्याची! 'कारीबू मायी' असं भरलंय त्यावर. तुझ्यासाठीच."

केनियातल्या आमच्या किटालेत ज्याच्या सोफ्यावर क्रोशाचे पांढरे रुमाल नाहीत, त्याच्या घरात बाई आहे की नाही, अशी लोकांना शंका येते. नालियाकाच्या सोफ्यावर एकही रुमाल नव्हता. तिला विणता येत नव्हतं, आणि आजवर त्यावाचून काही अडलंही नव्हतं. धान्याच्या कोठारात येणाऱ्या मक्याची ओल मोजायची नोकरी ती करायची आणि घरी आल्यावर ज्या सोफ्यावर अंग टाकायची तो तिला नागडाच बरा वाटायचा.

पण मायीची गोष्ट वेगळी. मायी रागावत नसे, ओरडत नसे. ज्या घरात तिला काही पटलं नाही, तिथं ती फक्त पेलाभर पाणी प्यायची आणि न जेवता उठायची. चार वर्षांपूर्वी थोरल्या सुनेच्या घरून ती अशी उठली. तेव्हापासून अख्ख्या भावकीत थोरलीला 'पाणीवाली' म्हणतात. तिचं खरं नाव आता तिच्या नवऱ्याला तरी आठवतं का, देव जाणे.

 नालियाकाच्या हातातलं ताट पुसायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने शेजारच्या चेबेटचं दार वाजवलं. चेबेट चर्चमध्येही कानामागे क्रोशाची सुई खोचून बसणारी बाई. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चौदा रुमाल, एक तसबीर, आणि दिवस तीस?"

"एकोणतीस. एक काल गेला."

"अगं, मग तू आजारीच पड. ते सोपं जाईल."

"चेबेट, मला भीती वाटतेय गं."

"वाटायलाच हवी. सासू कुणाची आहे!" असं म्हणून चेबेटने तिच्या हातात सुई दिली. "हं. आधी साखळी घाल."

पहिला रुमाल टोपीसारखा झाला. तो बाहुलीच्या डोक्यावर गेला. दुसऱ्याला कोपरे पाच आले. चेबेटने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "हा मायी बसेल त्याच्या खाली घालायचा. वर नाही."

नालियाका सकाळी चुलीवर चहा ठेवून विणायची, दुपारी कोठारात दोन ट्रकांच्या मधे विणायची. पाच साखळ्या, तीन खांब, पाच साखळ्या, तीन खांब. एकदा ट्रकवाल्याने विचारलं, "बाई, माझ्या मक्याची ओल किती?" ती मान वर न करता म्हणाली, "तीन खांब." ट्रकवाला बिचारा, मका नाकारला असं समजून, परत जायला निघाला होता. घरात मक्याच्या पिठाची उगाली रोज तळाला लागायची. मसिंडे ती मुकाट्याने खरवडून खायचा, कारण तक्रार केली की बायको नुसती सुई वर करून त्याच्याकडे बघायची. आणि डोळा लागला की तिला एकच दृश्य दिसायचं. स्टीलचा पेला, त्यात पाणी, आणि तो उचलणारा मायीचा हात.

तिसरा आठवडा सरता सरता चौदा रुमाल झाले. त्यातले अकरा तर चौकोनीच होते. आता राहिली तसबीर.

चेबेटने जाळीदार मॅटीचं कापड दिलं आणि चौकटीच्या कागदावर अक्षरांच्या फुल्या काढून दिल्या. तीन चिठ्ठ्या केल्या. एकीवर 'का', दुसरीवर 'री', तिसरीवर 'बू'. "मोजत जा. एक चौकट, एक फुली. अक्षराकडे बघूच नकोस, चुकशील. नुसतं मोज." नालियाकाने चिठ्ठ्या खिडकीच्या पडद्याला ओळीने टाचण्यांनी लावल्या आणि लाल दोरा ओवला. तिने 'का' भरला. तोवर कोठारात जायची वेळ झाली.

ती गेली आणि मसिंडेच्या फोनचं सिमकार्ड अडकलं. ते बाहेर काढायला बारीक टोकाचं काहीतरी हवं होतं. पडद्याला टाचण्या होत्याच. त्याने एक उपटली, ती वाकली. दुसरी उपटली. चिठ्ठ्या खाली पडल्या. काम झाल्यावर त्याने त्या शहाण्यासारख्या उचलून पुन्हा टाचल्या. कागदही सरळ लावले, उलटे नाहीत. बायकोला मदत केल्याचं समाधान त्याला दिवसभर पुरलं.

नालियाका संध्याकाळी आली आणि पुढे मोजायला बसली. पाच दिवस मोजत होती. खालच्या ओळीत 'मायी' भरलं, दोन्ही कोपऱ्यांत एकेक कोंबडी भरली. मसिंडेने पाहिलं, म्हणाला, "वा!" चेबेटने पाहिलं, मागची बाजू उलटून गाठी तपासल्या आणि म्हणाली, "तुझ्याकडून एवढी आशा नव्हती." जे तिथं असणार हे पक्कं ठाऊक होतं, तेच सगळ्यांनी वाचलं.

बाजारातल्या तसबीर मढवणाऱ्याने मात्र कापड बराच वेळ हातात धरलं. टोपी काढली. "पोले, बाई. पोले सना," तो म्हणाला. पोले म्हणजे 'वाईट वाटलं'; आमच्याकडे कुणाला ठेच लागली तरी म्हणतात. नालियाकाला वाटलं, आपल्या टोचलेल्या बोटांकडे बघून म्हणाला असेल. "काय करणार, भोगावं लागतं," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि न विचारता काळी चौकट बसवली.

शनिवार उजाडला. मसिंडेने सोफ्याच्या वर, अगदी छताजवळ, भिंतीत चार बोटं लांबीचा खिळा ठोकला आणि तसबीर तारेने आवळून टांगली. "भूकंप आला तरी हलणार नाही," तो म्हणाला. चौदा रुमाल अंथरले गेले. कोंबडी शिजत होती. सहा वर्षांची नामाल्वा नवा फ्रॉक घालून सोफ्यावर उभी राहिली. ती पहिलीत होती आणि दिसेल ते बोट ठेवून फोडून वाचायची.

"का," ती म्हणाली. "का... बू... री."

"कारीबू," नालियाका स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नाही आई. का-बू-री. काबूरी. मा-यी." नामाल्वा जरा थांबली. "आई, आजी मेली?"

नालियाका डाव घेऊन बाहेर आली. तिने वर पाहिलं. पाच दिवस फुल्या मोजणाऱ्या त्या बाईने पहिल्यांदाच ते वाचलं. कारीबू म्हणजे 'यावं'. काबूरी म्हणजे कबर. सोफ्याच्या वर, काळ्या चौकटीत, लाल दोऱ्याने, दोन कोंबड्यांच्या मधोमध लिहिलं होतं: कबर, मायी.

 तसबीरवाल्याने टोपी का काढली, ते आता तिला कळलं.

"नामाल्वाचे बाबा!" ती ओरडली. मसिंडे धावत आला, त्याने वाचलं, आणि मग पडद्याच्या टाचण्यांकडे त्याची नजर गेली. हा 'ध चा मा' कुणी केला हे त्याला ताबडतोब समजलं. पण ती वेळ कबुली देण्याची नव्हती. तो सोफ्यावर चढला आणि तसबीर ओढू लागला. तार हलेना.

"काढा ना!"

"निघत नाही गं! मीच ठोकलाय!"

"मायी आली की ती काय समजेल? सून मरणाची वाट बघतेय! करणी केली म्हणेल! गावभर..."

फाटक वाजलं.

नालियाकाने चौदापैकी सगळ्यात मोठा रुमाल उचलला आणि मसिंडेने तो तसबिरीवर टाकला. तो घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा टाकायच्या आत मायी दारात होती. उंच, ताठ, हातात पिशवी, डोक्याला निळा रुमाल.

"मसिंडे, खाली उतर. सोफा बसायला असतो."

मायी आत आली. तिने एकेक रुमाल बोटांनी चाचपला. "हा खांब सुटलाय," ती म्हणाली. "हा पाच कोपऱ्यांचा आहे. बरं आहे, मन लावून केलंयस पोरी." नालियाकाला ते ऐकूच आलं नाही. ती तसबिरीकडे न बघायचा प्रयत्न करत होती. मायी सोफ्यावर, बरोबर तसबिरीखाली, पाठ भिंतीला टेकून बसली. निदान तिची पाठ त्या अक्षरांकडे होती. नालियाकाने मनातल्या मनात सगळ्या देवदूतांना हाका मारल्या.

"पाणी आण," मायी म्हणाली.

नालियाकाने पेला आणला. देताना निम्मं पाणी रुमालावर सांडलं.

"आणि ती तसबीर कुठंय? माझ्या नावाची?" मायीने मान वळवली आणि डोळे बारीक केले. "ही होय? चष्मा गाडीत राहिला बघ. वाच गं नामाल्वा. शाळेत जातेस ना?"

"ती अजून लहान आहे!" नालियाका आणि मसिंडे एकदमच म्हणाले.

"मला येतं!" नामाल्वा सोफ्यावर चढली. तिने बोट वर केलं. घराण्यातल्या पहिल्या हुशार मुलीने खणखणीत आवाजात वाचलं, "का-बू-री. मा-यी."

कोंबडीच्या भांड्याचं झाकण खडखडत होतं. मायीने पेला खाली ठेवला.

"उतरव ती."

मसिंडेने खिळ्यासकट, भिंतीच्या ढेकळासकट ती उतरवली. मायीने तसबीर मांडीवर घेतली आणि काचेवरून बोट फिरवलं. का. बू. री. बराच वेळ फिरवलं. नालियाकाला रडू फुटलं.

"मायी, माझ्याकडून चूक..."

"चूक कसली?" मायी म्हणाली. "ह्यांच्या शेजारी, एवढं लिहायचं राहिलं, इतकंच." ती मसिंडेकडे वळली. "सहा वर्षं झाली. तुमच्या बापाच्या कबरीशेजारची जागा माझ्यासाठी ठेवा म्हणून सांगतेय. की आपलं 'मायी, अभद्र बोलू नकोस.' अभद्र! आणि दोघा भावांनी मिळून तिथं अ‍ॅव्होकॅडोची रोपं लावायचं ठरवलंत. मला कळत नाही असं वाटतं?"

मसिंडे चपला शोधू लागला.

"मला झोप लागत नव्हती रे. वाटायचं, हे मला कुठंतरी सरकारी दफनभूमीत नेऊन टाकतील. पोटच्या पोरांना माझं भय दिसलं नाही. आणि परक्या घरच्या पोरीनं महिनाभर बसून, बोटं भोसकून घेऊन, लिहून दिलं. तेही दोऱ्यानं! कागद असता तर फाडला असतात तुम्ही." तिने नालियाकाचा हात ओढून आपल्याजवळ बसवलं. "रडू नकोस. वाढ आता. भूक लागलीय."

मायी तीनदा कोंबडी घेऊन जेवली. जेवताना तसबीर शेजारी खुर्चीवर टेकवून ठेवली होती. नालियाकाने दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मसिंडेने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. भावाला त्याने तिथूनच फोन केला की रोपं परत कर. संध्याकाळी मायी तसबीर कापडात गुंडाळून, छातीशी धरून गाडीत बसली. शेजारच्या सीटवरच्या माणसाला तिने ती फाटकापाशीच उघडून दाखवली. माणूस जरा सरकून बसला.

त्या दिवसापासून नालियाकाचा जीव हलका झाला. चार दिवस ती पाय पसरून सोफ्यावर पडून राहिली. पाचव्या दिवशी फोन वाजला.

"पोरी, आमच्या चर्चच्या गटात मी तसबीर नेली होती," मायी म्हणाली. "म्हाताऱ्या अक्षरशः रडल्या गं. सगळ्यांची पोरं सारखीच. अकरा जणींना हवीय. नावं लिहून घे. पुढच्या महिनाअखेरीस सभा आहे, मी शब्द दिलाय."

नालियाकाने नावं लिहून घेतली. मग चेबेटकडून मॅटीचं कापड आणलं, तीन चिठ्ठ्या पुन्हा पडद्याला लावल्या. या वेळी टाचण्या नाहीत, चिकटपट्टी. मसिंडेला त्या खिडकीच्या जवळ फिरकायची बंदी केली आणि नामाल्वाला समोर स्टूलवर बसवलं.

"रोज संध्याकाळी वाचून दाखवायचं," तिने बजावलं. "एकेक अक्षर बोट ठेवून वाच. चुकून कारीबू झालं ना, तर आपली काही खैर नाही!"