लाभ, दोन, तीन

आमच्या डोक्यावर आबा निकम राहतात, अगदी शब्दशः. घणसोली गावाला लागून असलेल्या आमच्या जुन्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर आणि ते बरोब्बर वर. सकाळी ते व्यायामाला उभे राहिले की आमच्या हॉलमधला पंखा बटण न दाबता डुलायला लागतो आणि पाठोपाठ छतातून आवाज येतो, "लाभ! दोन! तीन! चार!"

पहिले काही दिवस मला वाटायचं, लाभ नावाच्या कुणाला तरी ते हाका मारताहेत. शेवटी एकदा जिन्यात विचारलंच. आबा मूळचे साताऱ्याकडचे. सगळी हयात कांदा-बटाटा बाजारात पाठीवर पोती वाहण्यात गेली. पोती मोजताना पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. त्यानं मालाला बरकत येते. आता पोती सुटली, आबा निवृत्त झाले आणि स्वतःच्या उठाबशा मोजायला लागले, तरी 'एक' काही तोंडातून निघत नाही.

बरकत मात्र दांडगी आहे. पोती वाहत होते तोवर खाल्लेलं जिरत होतं. काम थांबलं, भाकरी थांबली नाही. पोट असं सुटलं की त्यांच्या सदऱ्याची खालची दोन बटणं मी कधी लागलेली पाहिली नाहीत. आणि गंमत म्हणजे या माणसाचा व्यायाम एक दिवस चुकत नाही. दिवाळीच्या पहाटे फटाक्यांच्या आधी आमचं छत वाजलं होतं.

व्यायाम ते मोबाइलवर बघून करतात. त्यात एक सडपातळ मुलगी हिंदी-इंग्रजीत सूचना देत असते. तिला आबा 'आपली पोरगी' म्हणतात. ती 'वेरी गुड' म्हणाली की आबा धापा टाकत उत्तर देतात, "कसलं गुड, बाय माजे! काटा हाय तितंच हाय." प्लँकला ते 'फळी' म्हणतात. बर्पी नावाचा एक भयंकर प्रकार असतो, आडवं पडायचं आणि तसंच उठून उडी मारायची, त्याला ते 'बर्फी' म्हणतात. "आज पंधरा बर्फ्या हानल्या," असं त्यांनी एकदा बायकोला फोनवर अभिमानानं सांगितलं. पलीकडून जो आरडाओरडा झाला तो मला खाली ऐकू आला. "साखर वाढंल, साखर! लाज हाय का काई जिवाला!"

घरातल्या वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नाही. म्हणून दर शनिवारी ते गावातल्या भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर जाऊन उभे राहतात. भंगारवाला कौतुकानं आकडा वाचतो, "ब्याण्णव! आबा, काय भावानं द्यायचे?" आबांना हसू येत नाही. परत येताना ते आमच्या दारात टेकतात आणि एकच गाऱ्हाणं गातात.

"वैनी, कांदा बगा. वखारीत नुसता पडून ऱ्हायला तरी घटतो. पोत्यामागं घट येती. व्यापारी बोंबलत्यात. आन मी? रोज येवढ्या उड्या मारतो, घाम गाळतो, तरी घट न्हाई! मी कांद्यापेक्षा वाईट का वो?"

मी चहा देते. बिनसाखरेचा.

आता तुम्ही म्हणाल, उतारवयात या माणसाला बारीक होऊन करायचंय काय? तर त्याचं उत्तर करंजाड्यात, एका नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर आहे. तिथं त्यांची लेक मनीषा राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरीवर, नात लहान. तिला सांभाळायला म्हणून आबांची बायको, शालनकाकू, थोड्या दिवसांसाठी तिकडे गेल्या. गेल्या त्या लिफ्टनं. मग लिफ्ट बंद पडली. बिल्डर म्हणतो सोसायटीनं दुरुस्त करायची, सोसायटी म्हणते बिल्डरनं. काकूंचे गुडघे पार गेलेले, त्यांना सात मजले उतरवत नाहीत. आबांना चढवत नाहीत. लग्न झाल्यापासून जे जोडपं एक रात्रसुद्धा वेगळं राहिलं नव्हतं, ते असं वर आणि खाली अडकून बसलं.

आबा एकदा चढायला गेले होते. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. जावई आणि वॉचमननं त्यांना खुर्चीत घालून खाली आणलं. "जल्मभर मी पोती उचलली आन लोकांनी मला पोत्यावानी उचललं," हे सांगताना अजूनही त्यांचे कान लाल होतात. डॉक्टर म्हणाले, काळीज बैलाचं आहे, फक्त वजन उतरवा. पण काकूंनी धसका घेतला. त्याच दिवशी फोनवर शपथ घातली, "माजी आन हाय तुमास्नी. वजन उतरल्याबिगर या जिन्याची पायरी चढायची न्हाई."

शपथ म्हणजे आबांना कोर्टाचा हुकूम. ती मोडली तर शपथ घालणाऱ्याचं वाईट होतं, हे त्यांच्या रक्तात आहे. म्हणून या उड्या, म्हणून या बर्फ्या.

हे ऐकल्यावर माझ्या सासूबाईंनी एकदा जीभ चालवली. "अहो निकम, रोज सकाळी उठून लाभ लाभ करता. मग लाभच होणार. वजन उतरायचं तर तूट म्हणा!"

सासूबाई थट्टेनं बोलल्या, पण आबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी छत बराच वेळ गप्प होतं. मग एक दबका आवाज आला, "तू..." आणि पुन्हा शांतता. त्या दिवशी पंखा हललाच नाही. संध्याकाळी आबा दारात आले.

"न्हाई जमत, वैनी. तूट म्हनून दिवसाची सुरवात करायची, आन ती नेमकी कशात पडंल ते कुनी सांगावं? आमची मंडळी तितं वर एवढ्या उंचावर हाय. ऱ्हाऊ द्या. माजं वजन माज्यापाशी."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लाभ, दोन, तीन.

वजन न उतरण्याचं खरं कारण मला फार उशिरा कळलं. माझी बहीण खांदेश्वरला राहते. एका रविवारी तिच्याकडे जाताना मी आबांना गाडीत घेतलं आणि करंजाड्याला सोडलं. आबा इमारतीखाली उभे राहिले, मान मागे टाकली. सातव्या मजल्याच्या गॅलरीत एक निळं लुगडं दिसलं. दोघांनी एकमेकांकडे बघत मोबाइल कानाला लावले.

"जेवला का?"

"जेवलो. तुजं गुडघं?"

"हायेत जाग्यावर."

एवढंच. मग बराच वेळ दोघंही फोन कानाला धरून नुसती बघत राहिली. मीही गाडीत बसून राहिले, निघायचं असूनही.

तेवढ्यात वरून दोरीला बांधलेली एक कापडी पिशवी डुलत डुलत खाली आली. आबांनी ती दोन्ही हातांनी झेलली. स्टेशनापर्यंत सोडायला त्यांना परत गाडीत घेतल्यावर मी पिशवीत डोकावले. डिंकाचे लाडू. तुपात थबथबलेली पुरणपोळी. शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या भाकरी आणि डबाभर मटण.

"आबा! हे दर रविवारी येतं?"

"व्यायाम करतोय म्हनून धाडती. अंगात ताकद ऱ्हायला पायजे म्हनती."

"आणि मला सांगता, दिवसाला दोनच भाकरी खातो म्हणून!"

"दोनच खातो. आईशपथ. ह्ये येगळं. तिच्या हातचं हाय, वैनी, त्ये कुटं जेवनात धरायचं?"

माझा संताप झाला. वाशीच्या पुलापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी त्यांना झापलं. उड्या कसल्या मारता, या लाडवांनी तुमच्या सगळ्या उड्या गिळल्या, दोन महिने पिशवी बंद करा, चढाल टणाटण. आबा मांडीवरच्या पिशवीची गाठ पुन्हा पक्की करत म्हणाले, "पिशवी नको म्हनलं तर ती दिसभर करील काय? माज्यासाटी करन्याजोगं तिच्याकडं दुसरं ऱ्हायलंय काय आता?"

मी गाडी सुरू केली. सारखे डोळे पुसत गाडी चालवणं बरं नाही, त्यामुळे मी बाहेरच्या रहदारीवर चिडत राहिले.

त्यानंतरच्या एका रविवारी मीच त्यांना घेऊन गेले. तोवर सवयच झाली होती. आबांनी मान मागे टाकली, पण गॅलरीत निळं लुगडं नव्हतं. मनीषा आली आणि फोनवर म्हणाली, "पप्पा, मम्मीला ताप आहे. गुडघा सुजलाय. झोपून आहे. डॉक्टर येऊन गेले, टेन्शन नका घेऊ. मी पिशवी सोडते."

"पिशवी नको," आबा म्हणाले.

ते जिन्याकडे गेले. पहिल्या पायरीपाशी थांबले. पाय उचलला आणि परत खाली ठेवला. वर ती तापानं पडलेली आणि खाली तिचीच शपथ. मला त्यांना ओढून न्यावंसं वाटत होतं. असल्या शपथांवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी मी तसं म्हणू शकले नसते.

त्यांनी फोन लावला. "मने, आईच्या कानाला लाव." मग आवाज एकदम बारीक झाला. "ऐकलं का... मी खाली हाय. शपथ सोड."

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, इतकं सगळं शांत होतं. काकूंनी विचारलं, "वजन किती झालं?"

ब्याऐंशी म्हणाले असते तर कोण तपासायला येणार होतं? मी त्यांना हातानं खुणावलंही. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"हाय तेवडंच हाय," ते म्हणाले. "लई केलं. न्हाई उतरत."

तापानं जडावलेल्या आवाजात काकू म्हणाल्या, "सुटली. सुटली म्हनते मी. या. दमानं या, घाई करू नगा."

आबांनी फोन खिशात घातला आणि पायरी चढले. वॉचमनकडून मी एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली. दर मजल्याला मी खुर्ची मांडायची, आबांनी बसायचं, धाप ओसरली की उठायचं. तिसऱ्या मजल्यावर ते खुर्चीकडे न बघता पुढे गेले, तिथं बसायची त्यांची तयारी नव्हती. चौथ्यावर मात्र खूप वेळ बसले. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. पाचव्यावर माझीच पावलं अडखळली तेव्हा ते म्हणाले, "तुमी बसा जरा, वैनी. मी हाय हुबा." एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मी बसले.

सातव्या मजल्यावर मनीषा दार उघडून उभी होती. बापाला बघून ती रडायला लागली. आबांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि आत गेले.

काकू कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. इतक्या महिन्यांत मीही त्यांना जवळून पहिल्यांदाच बघत होते. त्या बारीक झाल्या होत्या, गळ्यातलं डोरलं मोठं दिसत होतं. आबा धापा टाकत कॉटच्या कडेला बसले. कॉट करकरली. सदऱ्याची खालची दोन बटणं नेहमीसारखी उघडी होती.

काकूंनी हात वर करून त्यांच्या गालाला लावला. मग गळ्याला, मग खांद्याला. बाजारात माल चाचपून बघतात तसा त्यांनी आपला नवरा चाचपला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती वाळलायसा वो तुमी! निम्मं ऱ्हायलायसा!"