इस्क्राच्या बरणीतलं जनुक

गुरुवारी इस्क्राच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती आणि सोमवारी सकाळी तिचं जनुक मेलं.

सात वर्षं तिने एकच गोष्ट लावून धरली होती. दह्याच्या जंतूंत असिटिलट्रान्सफरेज नावाचं विकर बनवणारं एक जनुक असतं. सगळं जग त्याला छद्मजनुक म्हणून मोडीत काढतं. दिसायला जनुक, पण मध्येच तुटलेलं, कामाला शून्य. ‘डोंगरातल्या आमच्या ग्रोझ्दाकाकूच्या विरजणात मात्र ते धडधाकट आहे,’ असं इस्क्राचं म्हणणं. तिचे मार्गदर्शक वल्कोव सरांनी शेवटची एक तपासणी मागितली. प्रयोगशाळेच्या फ्रीजमधली काकूच्या दह्याची नेहमीचीच बरणी, पण जनुक तुटलेलं! मंगळवारी पुन्हा पाहिलं, तर काही जंतूंत तुटलेलं, काहींत अख्खं.

“हे अर्धमेलं कसं असेल?” सर म्हणाले.

“सर, मीच अर्धमेली झालेय.”

तेवढ्यात तिला फ्रीजपाशी काचसामान धुणाऱ्या स्तोयन्कामावशी दिसल्या. तोंड पुसत होत्या.

“मावशी! ते दही खाल्लंत?”

“चमचाभर गं. डब्यातली चीजची बानित्सा कोरडी लागते घशाला. पण मी चोर नाही हं! खाल्लं तेवढं दुकानातलं आणून भरते.”

इस्क्राला रडावं की मिठी मारावी कळेना. म्हणजे भेसळ! तिने काकूला फोन केला. दुपारच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर डोंगरातून ताजी बरणी आली. बुधवारी निकाल लागला. सगळंच्या सगळं तुटलेलं.

“काकू, विरजण आजीचंच ना?”

“कुठलं! ते नासलं आठ वर्षांपूर्वी. दुकानातल्या डब्याचंच लावते. सांगितलं असतं तर तू तोंड पाडलं असतंस.”

आठ वर्षं! मग सात वर्षं इस्क्राने तपासलं ते कुणाचं दही? ती जिन्यावर बसली. मावशी शेजारी टेकल्या.

“आधी मी दुकानातलं नव्हते घालत हं,” त्या हळूच म्हणाल्या. “पहिल्या आठवड्यापासून तुझी बरणी संपली की घरचं भरायचे, माझं. महिनाभर गुडघा धरलाय, बरणी घेऊन जिने उतरवत नाहीत, म्हणून दुकानातलं.”

“संपली की? अख्खी बरणी?”

“सात वर्षं झाली बाई, किती पुरणार?”

“ते घरचं आहे अजून?”

“विरजणापुरतं आहे.”

गुरुवारी सकाळी नऊला मावशींच्या दह्याचा निकाल आला. अख्खं! एकही तुटलेलं नाही.

“मावशी, तुम्हाला कुठून मिळालं?”

“सासूबाईंकडून. त्यांना शेजारणीने दिलं. ती वारली.”

अकराची परीक्षा. सरांनी मुखपृष्ठावरचं ‘रोडोपी डोंगरातील पारंपरिक विरजण’ खोडलं आणि पेन हवेत धरून विचारलं, “मग उगम काय लिहायचा?”

“लिहा,” मावशी म्हणाल्या, “ट्राकिया वसाहत, सहावा मजला. आणि लिफ्ट बंद आहे तेही लिहा, उगाच कुणी हेलपाटा घालायचं.”

घाईत इस्क्राने सगळंच टंकलं. परीक्षकांनी प्रबंध उघडला, चष्मे सावरले, एकमेकांकडे पाहिलं. सात वर्षांच्या कामावर पहिला प्रश्न आला, “लिफ्ट कधीपासून बंद आहे?”