जुनी पेठ जतन समिती, मुक्काम सीफ

कोणत्याही गावाचा इतिहास नीट जपायचा असेल, तर आधी ते गाव सोडावं लागतं. जवळ राहिलं की माणूस इतिहासात नळ आणि फरशा बसवू लागतो.

हे ओळखून आमच्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या पेठेची जतन समिती बहारीनमध्ये स्थापन झाली. (गावाचं नाव सांगत नाही, पर्यटक येतील.) पेठेत घरं अकरा. नऊ घरांचे मालक इथे बहारीनमध्ये, एक कॅनडात, आणि एकाचा पत्ता कोर्ट शोधत आहे. बैठक दर शुक्रवारी अध्यक्ष गुरुप्रसाद यांच्या सीफ या इथल्या उंची वस्तीतल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एसी अठरावर ठेवून होते. पहिलाच ठराव एकमताने झाला : पेठेतली एकही वस्तू बदलायची नाही.

पेठेची सध्याची लोकसंख्या एक. गंगूबाई, वय बहात्तर. त्या गुरुप्रसादांचं घर राखतात, दिवा लावतात आणि समितीला हवं तेव्हा दारात बसून फोटोत येतात. (नऊवारी आवश्यक. गाऊन इतिहासात बसत नाही.)

त्यांचा मुलगा शिवदास इथेच, सीफशेजारच्या सनाबिसला गाडी चालवतो. तो बैठकीत उभा राहून म्हणाला, "आवशीचे गुडघे गेले, सायबानू. परसात जाऊन बसली की तिका उठाक जमणा नाय. खर्च माझो. घरात एक कमोड बसवूक परवानगी देवा."

गुरुप्रसादांना मनापासून वाईट वाटलं. "शिवदास, तुझी आई ती आमची आई. पण आज कमोड आला की उद्या टाइल्स येतील. मग पेठ खलास!"

प्रस्ताव अभ्यासासाठी उपसमितीकडे गेला. उपसमितीत सगळेच असल्याने अभ्यास दोन वर्षं चालला.

मग जुलैच्या सुट्टीत गुरुप्रसादांचं सहकुटुंब गावी जायचं ठरलं. कन्या श्रेया परसातल्या संडासाचा फोटो पाहून म्हणाली, "बाबा, नो वे." अभ्यास त्याच संध्याकाळी पूर्ण झाला. आठ दिवसांत घरात पांढराशुभ्र कमोड बसला. (नोंद : अभ्यागत सुविधा, तात्पुरती.)

सुट्टी संपली. कमोडच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली सुरक्षिततेसाठी सीफला आली. गंगूबाई भर पावसात परसातच जातात. उठताना धरायला दोरी बांधू का, असं शिवदासने विचारलं. समितीने तात्काळ मान्यता दिली; फक्त दोरी काथ्याची हवी.

'आपली पेठ जशीच्या तशी राहिली पाहिजे' हे आवाहन समितीने मोबाइलवर फिरवलं, तेव्हा आपणही लगेच वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलंत, त्याबद्दल आभार. त्या वेळी आपण कशावर बसला होतात, हे समितीने विचारलेलं नाही.