सरासरी जपणारी माणसं

बास्केटबॉल बघताना लोक बास्केट झाली की ओरडतात. आमचे बोरकरकाका चेंडू टाकलाच नाही की ओरडतात.

समजावून सांगतो. क्वार्टर, म्हणजे मॅचचा पाव भाग, संपायला दोन-तीन सेकंद उरलेत, चेंडू एका खेळाडूच्या हातात आहे आणि बास्केट पार पलीकडच्या टोकाला. तिथून फेकलेला चेंडू आत जाणं म्हणजे नवलच. पण जातो कधीकधी, आणि गेला की लोक स्टेडियम डोक्यावर घेतात. तरी कितीतरी खेळाडू तो फेकतच नाहीत. बझर वाजेपर्यंत हातात धरतात आणि वाजून झाला की निवांत फेकतात. कारण आधी फेकला आणि चुकला, तर तो नावावर लागतो आणि सरासरी घसरते. आता यात आपल्या बापाचं काय जातं? माझं तरी काही जात नाही. काकांचं जातं.

"काऊन धरून राहिला बे चेंडू?" काका आमच्या सोफ्यावरून उठून आमच्याच टीव्हीवर बोट रोखतात. "फेक ना! सरासरी जपून राहिला पोट्टा! करोडो रुपये घेते अन् सरासरी जपते!"

सोफा आमचा, टीव्ही आमचा, चहाही आमचाच. काका इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहतात, त्यांच्याकडे याहून मोठा टीव्ही आहे, तरी दर रविवारी दुपारी ते आमच्याकडे येतात. मूळचे नागपूरचे. इथे पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत. हा खेळ त्यांना शिकवला त्यांच्या मुलीने, केतकीने. ती शाळेच्या टीममध्ये होती. आता ती ॲरिझोनात, चँडलरला असते. तिच्या लग्नाला काकू एकट्याच गेल्या होत्या, कारण ऐन वेळी काकांची पाठ धरली, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

'सरासरी जपणं' ही काकांच्या लेखी जगातली सर्वात हलकट गोष्ट. मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी घसा बसलाय म्हणून गायला नकार दिला, तर काका मागच्या रांगेतून ओरडले, "घसा नाही बसला, सरासरी जपून राहिला!" माझी बायको मंजिरी चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या नको म्हणाली, तीही सरासरी जपते. मी मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला नाही, तेव्हा तर काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो आठवडा तसा बरा गेला.

एकदा त्यांनी रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमाला फोन लावला. "धिस इज बोरकर फ्रॉम शॉमबर्ग."

"सर, डू यू हॅव अ क्वेश्चन?"

"नो. आय हॅव अ कम्प्लेंट."

पुढची दोन मिनिटं काका विक्रमांवर बोलले. कारकिर्दीत सगळ्यात जास्त बास्केट कोणाच्या, हे शेंबडं पोरही सांगतं. पण सगळ्यात जास्त चुकवल्या कोणी? जे थोर म्हणून मिरवतात ना, त्याच लोकांनी! मग त्या विक्रमाला पुतळा का नाही? निवेदकाने थँक यू म्हणून फोन कापला. तोही सरासरी जपत होता म्हणे.

आणि मग लीगने नियमच बदलला. पहिल्या तीन क्वार्टरच्या अखेरीस इतक्या लांबून फेकलेला चेंडू चुकला, तर तो खेळाडूच्या नावावर लागणार नाही, टीमच्या खात्यात जाईल. बातमी वाचून मला काकांना होईल त्याहून जास्त आनंद झाला. आता रविवारी शांतता! मी पेढे आणले. खरंच आणले, आणि त्या रविवारी मॅच चालू असताना काकांपुढे बशी ठेवून बातमी सांगितली.

"म्हणजे चुकला तर नाव टीमचं?" काकांनी पेढा बशीत परत ठेवला.

"हो ना काका. आता सगळे बिनधास्त फेकतील."

"अरे, मग त्यात काय राहिलं? फेकणार हा, अन् चूक लिहिणार सगळ्यांच्या नावावर? याला काय खेळ म्हणते का बे?"

मला संताप आला. म्हणजे फेकला नाही तरी हे चिडणार, आणि फेकला तरी चिडणार! मी तसं तोंडावर म्हणालोही. हाफ टाइम झाला होता. ते जाकीट चढवून नेहमीसारखे घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर गेले.

हा त्यांचा रिवाजच. हाफ टाइमला डेकवर. बाहेर बर्फ असलं तरीही. गुपचूप सिगारेट ओढत असतील, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ते टोपी सोफ्यावरच विसरले. राग होता, पण म्हातारा माणूस गारठून आजारी पडला तर काकू मलाच बोलतील, म्हणून मी टोपी घेऊन दार सरकवलं.

काकांची पाठ माझ्याकडे होती. फोन स्पीकरवर होता. रिंग वाजून थांबली आणि केतकीचा आवाज आला, "हाय, आय कान्ट टेक युवर कॉल राइट नाऊ." मग बीप.

"केतू, बाबा बोलतो. काही काम नाही. तुमच्याकडे एक तास मागे आहे, जेवण झालं असेल तुझं. आपली टीम हरून राहिली. बरं, ठेवतो." मग न ठेवताच पुढे म्हणाले, "त्या दिवशी माझी पाठ नव्हती धरली. बॅग भरली होती मी. तू सगळ्यांसमोर तोंड फिरवलं तर, म्हणून विमान सुटेपर्यंत घरीच बसून राहिलो. ठेवतो."

ते वळले आणि मी दिसलो. टोपी हातात धरून नुसता उभा होतो.

"तुझी काकू रोज बोलते तिच्याशी," काका म्हणाले. "बाजूच्या खोलीत हसण्याचे आवाज येते. माझा उचलत नाही ती. लग्नाला येणार नाही म्हणालो होतो मी, तिने मुलगा स्वतः निवडला म्हणून. मग तिकीट काढलं. अन् मग..." माझ्या हातातली टोपी घेऊन त्यांनी डोक्यावर ओढली. "घरून फोन केला अन् नाही उचलला तर काकूला दिसते ना. म्हणून इथून करतो."

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "काका, आता असा चुकलेला चेंडू टीमच्या नावावर लावतात."

"टीमच्या काऊन?" काका केवढ्यांदा ओरडले! "चूक माझी आहे. माझ्याच नावावर लावायची. प्रत्येक रविवारची."

आम्ही आत आलो. तिसरा क्वार्टर संपत आला होता. एका नवख्या पोराने पार पलीकडून चेंडू फेकला. तो बास्केटच्या आसपासही गेला नाही. काका टाळ्या वाजवत उभे राहिले. मी पडद्यावरचे आकडे बघितले. पोराच्या नावापुढे काहीच लागलं नव्हतं, जणू त्याने तो फेकलाच नव्हता.

"हा काय फालतू नियम आहे!" मी ओरडलो.

काकांनी बशीतला पेढा उचलला आणि खाल्ला.