आरोहीचं स्वावलंबन

सीमाभागातल्या अनगोळमधल्या युवा निवारा केंद्राचं धोरण स्पष्ट होतं. बेघर तरुण-तरुणींना आसरा द्यायचा, त्यांना स्वतःच्या पायांवर उभं करायचं आणि मग तिथून हलवायचं. पहिली दोन कामं अवघड असल्याने केंद्राने आजवर तिसऱ्यावरच भर दिला होता.

त्यामुळे कणकुंबीची आरोही खरोखरच पायांवर उभी राहिली, तेव्हा केंद्रचालक धनपालसर जरा गडबडले. आईबाप गेल्यावर काकाने घराबाहेर काढलेली ही पोरगी केंद्रात आली, मशीनवरचं काम शिकली आणि मच्छे गावच्या एका कारखान्यात रुजूही झाली. आता तिला फक्त भाड्याची खोली हवी होती.

खोल्यांच्या पाट्या अनगोळात गल्लोगल्ली होत्या. घरमालक आधी प्रेमाने पाणी देत, मग आडनाव विचारत, मग सोबत कोण राहणार ते विचारत. एकटीच, म्हटलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असे. सध्या कुठं राहतेस, याचं उत्तर दिलं की पाटीच चुकून राहिलेली निघे.

आरोहीने हे सरांच्या कानावर घातलं. खोली हा केंद्राच्या कार्यकक्षेतला विषय नाही, असं सरांनी समजावलं. समारंभ मात्र होता. लगेच स्वावलंबन सोहळा ठरला. फलक कानडीत की मराठीत यावर कमिटीत दोन बैठका पेटल्या आणि कुणाच्याच भावना दुखावू नयेत म्हणून तो इंग्रजीत लागला.

प्रमुख पाहुणे होते आण्णाप्पा. अनगोळात त्यांच्या इमारती होत्या आणि नातवाचा वाढदिवस ते दरवर्षी केंद्रातच करत. जिलेबी वाढताना आरोहीला ते तोंडभरून 'आमची लेक' म्हणत.

शाल झाली, नारळ झाला. दोन शब्द बोल, म्हणून आरोहीला माईकपुढं उभं केलं.

"तुम्ही समद्यांनी माझ्यासाठी लई केलंसा," ती म्हणाली. "आता एकच मागणं हाय. कुणाकडं भाड्यानं खोली हाय काय? भाडं येळेवर दीन."

 पहिल्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की तिला पुढचं बोलताच येईना. इतकं काळजाला भिडणारं भाषण अलीकडे ऐकलं नव्हतं, असं आण्णाप्पांनी समारोपात सांगितलं.

खाली उतरताच तिने त्यांना गाठलं. "आण्णा, तुमच्या वरच्या मजल्यावर पाटी हाय न्हवं?"

"हाय की. पण आम्ही फॅमिलीलाच देतोय, पोरी."

"तुम्ही तर मला लेक म्हणतासा."

"म्हणून तर खरं सांगायलोय," आण्णाप्पा मायेने म्हणाले. "परकी असतीस तर काहीतरी थाप मारली असती."

संध्याकाळी ती केंद्रात परतली तर तिची गादी गुंडाळलेली. धनपालसरांचा नाइलाज होता. स्वावलंबी व्यक्तीला बेघर म्हणून ठेवून घेणं नियमबाह्य होतं. मग मी जाऊ कुठं, असं तिने विचारलं. सरांनी बराच विचार केला.

"आजची रात्र बाहेर काढ," ते म्हणाले. "म्हणजे तू रीतसर बेघर होशील. उद्या नव्याने दाखल करून घेऊ."

ती रात्र आरोहीने पिशवी पोटाशी धरून बसस्टँडवर काढली. सकाळी सरांनी तिचं दारातच स्वागत केलं. अहवालात एकीचं पुनर्वसन झालं होतं आणि दुसरीची सुटका. नव्याने आलेल्यांनी पहिला महिना आवाराबाहेर पडायचं नाही, हा नियम तिलाही लागू झाला. तिने हात जोडले, कारखान्यात रोज जावं लागतं म्हणाली; पण नियम सर्वांना सारखा होता. महिना सरला तेव्हा मशीनवर दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं.

आता ती सगळ्या निकषांत चोख बसली.

काम ती पुन्हा मिळवेल, त्याची चिंता नको. तुमची गच्चीलगतची खोली रिकामी असेल तर तेवढी सांगा. पोरगी एकटीच राहील, हे आधीच सांगितलेलं बरं.

का? घरी विचारून कळवता?